कड्यावरची माकुडी, बांधावरचा तेरडा

भाद्रपदात सह्याद्रीतल्या कोणत्याही गडाची वाट धरावी, तेरडा पायांत येतोच. बांधावर आणि ओघळीच्या काठी त्याचा गुलाबी-जांभळा विस्तार इतका अनिर्बंध असतो की, पाहून पाहून सरावलेल्या डोळ्यांना तो अखेर दिसेनासा होतो. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणी मात्र, जिथे गुरांचे तोंड पोहोचत नाही अशा कड्याच्या भेगेत, शिंदळ माकुडी मूळ धरून असते.

दिसायला निवडुंगासारखी, पण कुळाने रुईची, अशी ही मांसल वनस्पती डॅलझेल या वनाधिकाऱ्याला जुन्नरकडच्या डोंगरांत आढळली आणि 1865 साली मुंबई इलाख्याचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने ती शास्त्राच्या दप्तरी दाखल झाली. उन्हाळ्यात पाने गाळून नुसत्या जाड देठांवर ती तग धरते, पावसाबरोबर पुन्हा पालवते, आणि पाऊस ओसरू लागला की पिवळ्या ठिपक्यांचे, गर्द तांबूस, चांदणीच्या आकाराचे फूल उमलवून माश्यांना बोलावते. तिच्या शेंगांतले रेशमी झुबक्यांचे बी वारा नेईल तिकडे जाते. ते पुन्हा एखाद्या भेगेतच विसावेल, याची हमी कोण देणार? तेरड्याचे बोंड पिकले की बोटाच्या नुसत्या स्पर्शाने फुटते, त्याची साल आत वळते आणि बिया चहूकडे उधळतात.

तेरड्याचा रंग तीन दिवस, असे म्हणून ज्याला आपण हिणवतो, त्याचीच रोपे मुळांसकट घरी आणून गौर म्हणून पूजतो, हे मला फार मोलाचे वाटते. दुर्मीळता हा गुण आहे, असे मी मानत नाही; माकुडी विरळ झाली ती चराईने आणि माणसाच्या वावराने, आणि तिच्याविषयीच्या आपल्या आदरात या अपराधाची जाणीव असलीच पाहिजे. देठाचा तुकडा कुंडीत सहज रुजतो, तेव्हा आता चिंता कसली, असे म्हणणाऱ्यांशी माझे तीव्र मतभेद आहेत. एकाच झाडाच्या तुकड्यांनी शंभर कुंड्या भरल्या, तरी बियांतून येणाऱ्या नव्या पिढीचे वैविध्य त्यांत उतरत नाही. ते राखायचे तर कडाच राखला पाहिजे, आणि त्याच निष्ठेने बांधही. कारण जिथे तणनाशक फवारले जाते तिथून तेरडाही हटतो, आणि त्याच्या जाण्याची नोंद कोणतेच दप्तर घेत नाही.