मांडवात बसता येईल असं नेसा

लाडक्या भाचीस,


ताईच्या लग्नाला बंगळुरूच्या मैत्रिणींना घेऊन येतेस, हे वाचून घरात सगळे खूश आहेत. त्यांनी काय घालावं, असं तू विचारलंस. सांगते.

लग्न मे महिन्यात आणि तिवस्याला. पारा 44-45 अंशांवर असतो. मुहूर्त गोरजाचा असला तरी मांडव दिवसभर तापलेला. जड लेहंगे तिकडेच राहू देत. वऱ्हाड हा कापसाचा मुलूख. सुती साडी किंवा सलवार-कुडता नेसल्या-घातल्याचं इथे कोणाला उणं वाटत नाही. रेशीमच हवं असेल तर माझी भंडाऱ्याची करवती काढून ठेवते. टसरचं पोत, काठाला करवतीचे दाते, आणि अंगाला पैठणीपेक्षा हलकी.

पिवळी साडी मात्र लग्नाच्या वेळी नको. ती नवरीची आणि मामाच्या मानाची, म्हणजे तुझ्या बाबांनीच आणायची आहे! आदल्या दिवशी हळदीला पिवळं खुशाल घाला, पण जुनं. हळदीचे डाग जात नाहीत. अख्खं काळं टाळा, म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर येतं. कोचीची मैत्रीण कसवू साडीबद्दल विचारते ना? तिला जरूर नेसू दे. केरळात तीच शुभकार्याची साडी. मोठ्या आजी ‘काहून वो पोरी, पांढरं काहून नेसली?’ असं विचारतील. तूच समजावून सांग. मुलगे कोणी आले तर त्यांना पांढरा सदरा-पायजमा उत्तम. टोपी-दुपट्टा इथेच मिळेल.

खरी कसोटी रंगाची नाहीच. पंगतीत मांडी घालून बसता आलं पाहिजे, मोठ्यांच्या पाया पडायला वाकता आलं पाहिजे, आणि वाढायला हात कमी पडले तर पदर खोचून उठता आलं पाहिजे. आमच्याकडे पाहुणा नुसता बघायला येत नाही, त्याच्या हातीही वरणाची बादली येते. चपला सहज निघतील अशा घाला, आणि महागड्या नकोत. मांडवाबाहेर त्यांची राखण कोणी करत नाही.

नव्या कपड्यांवर खर्च तर मुळीच नको. जवळच मोझरीला तुकडोजी महाराजांचा गुरुकुंज आहे, 1935 सालचा. लग्नातल्या उधळपट्टीवर महाराजांनी ग्रामगीतेत चांगलेच कान उपटलेत. आणि आमच्या तालुक्यातलं कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. शिशुपालाच्या लग्नाला राजे नटूनथटून आले, नवरी कृष्णाच्या रथात बसून निघून गेली. त्या राजांचे शेले कोणाच्या लक्षात आहेत?

करवतीवर ब्लाऊज लागेल, त्याची मापं या आठवड्यातच पाठव. लग्नसराईत शिंपी आमचंही ऐकत नाही.

तुझी,
आत्या