गाडी अडवणारे

विलास शिंदे गेले तेव्हा त्यांना शहीद म्हणावं, या बोलण्याला माझा मनातून विरोध होता. उघडपणे म्हणायची ती वेळ नव्हती, म्हणून चार लोकांत गप्प बसले. पण घरात मी तेच म्हणत होते.

ऑगस्ट २०१६ मध्ये मुंबईत खारला एका पेट्रोल पंपाजवळ वाहतूक शाखेच्या या हवालदारांनी एका अल्पवयीन मुलाची दुचाकी अडवली. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मुलाने फोन करून मोठ्या भावाला बोलावलं आणि त्या भावाने शिंद्यांच्या डोक्यात दांडकं घातलं. आठवडाभर ते रुग्णालयात मृत्यूशी झगडले आणि ३१ ऑगस्टला गेले.

माझं म्हणणं असं होतं : मारणाऱ्याला कडक शिक्षा व्हावी, घरच्यांना पैसे, नोकरी, राहायला जागा, जे द्यायचं ते हात आखडता न घेता द्यावं. पण हुतात्म्याचा मान वेगळा. तो तुकाराम ओंबळे यांचा. पावती फाडताना झालेल्या मारहाणीत गेलेला माणूस आणि एके-४७ची नळी हातांनी धरून ठेवणारा माणूस यांना एकाच ओळीत उभं केलं, तर दुसऱ्याचं मोल उतरतं. मान हा मोजून द्यायचा असतो, अशी माझी समजूत होती, आणि ती मला फार तर्कशुद्ध वाटायची.

ओंबळ्यांची हकिगत सगळ्यांना ठाऊक आहे, तरी थोडी सांगते, कारण पुढे तीच मला आडवी आली. सातारा जिल्ह्यातल्या जावळी तालुक्यातलं केडंबे हे त्यांचं गाव. लष्करात नोकरी करून मग ते मुंबई पोलिसांत आले. २००८च्या नोव्हेंबरात २६ तारखेच्या मध्यरात्रीनंतर डी. बी. मार्ग पोलीस ठाण्याच्या माणसांनी गिरगाव चौपाटीपाशी नाकाबंदी लावली होती. अतिरेक्यांनी पळवलेली स्कोडा मरीन ड्राइव्हने आली, अडथळे पाहून वळायला गेली आणि दुभाजकावर अडकली. गाडी चालवणारा इस्माईल पोलिसांच्या गोळ्यांनी पडला. दुसऱ्या बाजूने कसाब बाहेर आला आणि ओंबळ्यांनी त्याच्या रायफलीची नळी धरली. त्यांच्या हातात होती ती लाठी. गोळ्या त्यांच्या पोटात गेल्या. नळी त्यांनी सोडली नाही, आणि तेवढ्या वेळात बाकीच्यांनी कसाबला आडवा केला. तो जिवंत हाती लागला म्हणून कट कुठे शिजला ते जगापुढे मांडता आलं, खटला चालला, २०१२च्या २१ नोव्हेंबरला येरवड्यात त्याला फाशी झाली. २००९च्या प्रजासत्ताकदिनी ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळालं. आज त्यांचा पुतळा त्याच चौपाटीवर आहे.

या माणसाशेजारी हेल्मेटच्या केसमधला हवालदार? मी मान हलवायचे.

माझं मत एका रात्रीत फिरलं नाही. कुणी वाद घालून हरवलंही नाही. पोलीस स्मृतिदिनाबद्दल वाचत होते, तेव्हा आधी एवढंच जाणवलं की हा दिवस मला वाटत होता तसा नाही. २१ ऑक्टोबर ही तारीख १९५९ मधली. लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला आदल्या दिवशी केंद्रीय राखीव पोलिसांच्या टेहळणी तुकड्या बाहेर पडल्या होत्या, त्यातली एक परतली नाही. तिच्या शोधात दुसऱ्या दिवशी करमसिंग या अधिकाऱ्याबरोबर जवान निघाले. डोंगरावरून चिनी सैनिकांनी गोळीबार केला, दहा जण मेले. त्यांचे देह परत मिळायला नोव्हेंबरचा मध्य उजाडला. लढाई करायला ते गेलेच नव्हते. हरवलेली आपली माणसं शोधायला गेले होते, जे काम पोलीस गल्लीतल्या हरवलेल्या पोरासाठीही करतात.

त्या दिवशी देशभर परेड होते, मुंबईत नायगावच्या मैदानावर. शस्त्रं उलटी होतात, आणि सरत्या वर्षात कर्तव्यावर गेलेल्या सगळ्या देशातल्या पोलिसांची नावं वाचली जातात. त्या वाचनात कुणाचं मरण किती थोर, हे सांगितलं जात नाही. माझ्या मोजपट्टीला तिथे जागाच नव्हती. आधी हा मला सरकारी ढिसाळपणा वाटला. सगळ्यांना एका मापाने मोजायचं म्हणजे कोणालाच न मोजायचं, असं काहीतरी चमकदार वाक्यही मी लिहून ठेवलं होतं.

मग मी माणसं कशी गेली ते पाहू लागले. नक्षलवादी, दहशतवादी हे तर होतेच. पण पुन्हा पुन्हा एक साधं काम समोर येत राहिलं : गाडी अडवणं. २०१२ मध्ये मध्य प्रदेशात मुरैना इथे नरेंद्रकुमार या तरुण आयपीएस अधिकाऱ्याने बेकायदा खाणीच्या दगडांनी भरलेला ट्रॅक्टर अडवला, चालकाने तो अंगावर घातला. २०१८ मध्ये आपल्याकडे, तेव्हा दारूबंदी असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीडचे उपनिरीक्षक छत्रपती चिडे यांनी दारूची गाडी अडवली, तिनेच त्यांना चिरडलं. २०२२ मध्ये हरियाणात नूह जिल्ह्यात सुरेंद्र सिंह या उपअधीक्षकांनी डंपरला थांबायचा इशारा केला, डंपर थांबला नाही. उपअधीक्षक, उपनिरीक्षक, हवालदार. पदं वेगळी, गाव वेगळं, आणि शेवटची कृती एकच. रस्त्यात उभं राहून हात वर करायचा.

आणि ओंबळे? ते त्या रात्री काय करत होते? नाकाबंदी. म्हणजे गाडी अडवत होते.

इथे माझ्या मोजपट्टीची पंचाईत झाली. मी अजूनही म्हणू शकत होते, आणि काही दिवस म्हटलंही, की ओंबळ्यांना समोर कोण आहे ते माहीत होतं. नियंत्रण कक्षाने गाडीचं वर्णन कळवलं होतं. मरण माहीत असून पुढे जाणं वेगळं आणि बेसावध असताना डोक्यात दांडकं बसणं वेगळं. हा फरक खरा आहे आणि तो मी आजही पुसत नाही. अशोकचक्र कुणाला द्यायचं ते त्यानेच ठरावं. पण तो फरक दोघांच्या शौर्यातला आहे, कामातला नाही. अडवलेल्या गाडीत कोण निघेल, हे अडवणाऱ्याला बहुतेक वेळा माहीत नसतं. शाळकरी पोरगं निघेल, दारूच्या पेट्या निघतील, रायफल निघेल. रोज शेकडो वेळा हात वर करायचा आणि त्यातल्या एका वेळेला काय होईल ते न जाणता करायचा, हे मी कधी धाडसात धरलंच नव्हतं.

शिवाय अडवणाऱ्याजवळ असतं तरी काय? नाकाबंदीचे पत्र्याचे बॅरिकेड्स कुठल्याही ट्रकला काड्यापेटीसारखे. शिट्टीने गाडी थांबत नाही. गाडी थांबते ती चालवणाऱ्याने मनातून मानलेलं असतं म्हणून, की हात वर झाला की ब्रेक दाबायचा. ती सवय म्हणजेच कायदा, बाकी सगळं कागदावर. शिंदे त्या सवयीच्या भरवशावर उभे होते. तिथून तुम्ही किंवा मी गेलो असतो, तर बिनहेल्मेटच्या पोराकडे बघून न बघितल्यासारखं करून निघून गेलो असतो. त्यांना तशी मुभा नव्हती.

‘साहेबांना फोन लावून देऊ का?’ हे वाक्य आपल्याकडे सिग्नलवर किती सहज येतं! मीही म्हटलेलं आहे. त्या मुलाने भावाला केलेला फोन याच जातीचा. आपला फोन लागतो तो नगरसेवकाला, एवढाच काय तो फरक.

यावरून मी पोलिसांची भाट झाले असं कोणी समजू नये. कोठडीतल्या मृत्यूंबद्दल, नोंदवून न घेतल्या जाणाऱ्या तक्रारींबद्दल, चिरीमिरीबद्दल माझं जे मत होतं ते जसंच्या तसं आहे. ‘लाठीने एके-४७ला भिडला’ हे वाक्य भाषणात टाळ्या घेतं तेव्हा तर मला संतापच येतो, कारण त्या रात्री पोलिसांच्या हाती काय होतं हा सरकारला विचारायचा प्रश्न आहे. टाळ्यांच्या आवाजात तो कुणी विचारत नाही.

करोनाच्या बाबतीत माझं मत अर्धंच बदललं आहे. महाराष्ट्रात शेकडो पोलीस त्या साथीत गेले. पंचावन्नच्या पुढच्यांना घरी बसवायची वेळ मुंबईत आली होती. घरच्यांना पन्नास लाख जाहीर झाले, ते योग्यच. पण त्यांना या यादीत बसवताना मला बाजूला परिचारिका आणि सफाई कामगार दिसतात, आणि मग यादी फक्त खाकीची का, याला मला उत्तर सुचत नाही.

तशीच अडचण गडचिरोलीची. २०१९च्या महाराष्ट्रदिनी जांभूळखेड्याजवळ भूसुरुंगात शीघ्र कृती दलाचे १५ पोलीस गेले. नक्षलवाद्यांनी जाळलेल्या वाहनांच्या ठिकाणी ते खासगी गाडीतून निघाले होते. गाडीचा चालकही त्यात गेला. तो पोलीस नव्हता. पोलिसांना गाडीत घेऊन तो निघाला होता, एवढंच. शिंद्यांना ओंबळ्यांच्या रांगेत उभं केल्यावर मी आता याला कुठे उभं करू?