शून्यसुद्धा लिहायचं

केम्प्टन, पेनसिल्व्हेनिया
२१ सप्टेंबर

ती. आत्यास,


काल दिवसभर हॉक माउंटनवर होते. मान अजून अवघडलेली आहे, तरी लिहायला बसलेय, कारण काल सारखी तुझी आठवण येत होती. तू जनगणनेला निघायचीस, काखेत ते मोठाले तक्ते घेऊन, आणि मी पाण्याची बाटली सांभाळत तुझ्या मागे. हे कामही तसंच आहे. फक्त इथे दारोदार फिरायचं नाही. खडकावर बसून आभाळाकडे बघायचं.

किटॅटिनी नावाच्या लांबलचक डोंगररांगेवरचा हा एक माथा. वायव्येचा वारा रांगेवर आपटून वर चढतो आणि त्यावर अंग टाकून शिकारी पक्षी दक्षिणेला निघतात. १५ ऑगस्ट ते १५ डिसेंबर त्यांची मोजणी चालते. सध्या ब्रॉड-विंग्ड हॉकचे दिवस आहेत. काल साडेदहाला गरम हवेच्या झोतात त्यांचा एक थवा सापडला. आधणातले तांदूळ खालीवर व्हावेत तसे शंभरेक पक्षी घिरट्या घालत वर चढत होते. मी घाईघाईने मोजू लागले, तर शेजारच्या आजोबांनी हाताने थांबवलं. घिरट्या चालू असताना मोजायचं नाही, एकच पक्षी तीनदा मोजला जातो. उंची गाठली की ते पंख अर्धे मिटून एकामागोमाग एक सुटतात, ओवलेल्या मण्यांसारखे. तेव्हा हातातल्या मोजणीयंत्राचं बटण दाबायचं, टक् टक् टक्. माझे ११२ भरले, आजोबांचे ११४. वहीत त्यांचा आकडा गेला, आणि तेच बरोबर झालं.

याच खडकांवर पूर्वी माणसं बंदुका घेऊन बसायची. गोशॉक हा शिकारी पक्षी मारून आणला की सरकार ५ डॉलर बक्षीस द्यायचं. १९३२ मध्ये रिचर्ड पो नावाच्या एका गृहस्थांनी खाली पडलेल्या पक्ष्यांच्या रांगा मांडून फोटो काढले. ते रोझली एज या बाईंना कळलं आणि १९३४ मध्ये त्यांनी हा डोंगरच भाड्याने घेतला. राखणीला मॉरिस ब्राउन आणि त्यांची पत्नी अर्मा आले. अर्मा फाटकावर उभ्या राहून बंदूकवाल्यांना अडवायच्या. केवढं धाडस, आत्या! आणि मॉरिस वर बसून मोजायचे.

पांढऱ्या डोक्याच्या गरुडांची पिल्लं ते वेगळी लिहायचे. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के पिल्लं होती. १९५५ ते १९५९ मध्ये ती २० टक्क्यांवर आली. १९५७ साली तर ३२ मोठ्या गरुडांमागे एकच पिल्लू. नुसती बेरीज लिहिली असती, तर घरट्यांतून पिल्लं उडेनाशी झालीत हे त्या वहीवरून कळलं नसतं. रेचल कार्सन यांनी हेच आकडे १९६२ च्या ‘सायलेंट स्प्रिंग’ या पुस्तकात घेतले. पिल्लं कमी होण्यामागे होतं डीडीटी हे कीटकनाशक; १९७२ साली अमेरिकेत त्यावर बंदी आली.

दुपारी एक ते दोन काहीच गेलं नाही. आभाळ निळंशार, आणि अशा कोऱ्या आभाळात उंचावरचा पक्षी नजरेला सापडतही नाही. मी वहीतला त्या तासाचा रकाना मोकळा सोडला होता. आजोबा म्हणाले, मोकळा म्हणजे आपण बघितलंच नाही. शून्य म्हणजे तासभर बघितलं. मला तू आठवलीस. कुलूप असलेल्या घरापुढे तू ‘कुलूप’ असं लिहायचीस, आणि संध्याकाळी पुन्हा एकदा त्या गल्लीत जायचीस. मी चिडायचे, पाय दुखतात म्हणून.

मी शून्य लिहिलं. पावणेतीनला डाव्या अंगाच्या कड्यावरून एक गरुड अगदी खालून आला, इतका जवळून की पंखांखालचे मळकट पांढरे ठिपके दिसले. डोकं तपकिरी. ते पांढरं व्हायला पाचेक वर्षं जातात. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं, आणि मी पिल्लांच्या रकान्यात एक रेघ ओढली.

गुडघ्याला तेल लावतेस ना? पुढच्या शनिवारी पुन्हा जाणार आहे.

तुझी,
भाची