नावांचा स्नानसंस्कार

स्नानसंस्काराची नोंद करताना मी पालकांना बाळाच्या नावाचा अर्थ विचारतो. बहुतेकांचे उत्तर तयार असते. मात्र मागे उभ्या असलेल्या आजी-आजोबांच्या चेहऱ्यावर एक शंका हमखास दिसते : ‘पण फादर, हे नाव ख्रिस्ती आहे ना?’ या शंकेचे उत्तर शोधताना मला पोलंड देशातील मुलग्यांच्या नावांनी फार साहाय्य केले आहे.

सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना ही नावे उच्चारायची म्हणजे जीभ अडखळत असे. स्तानिस्वाव, बोलेस्वाव, वॉइचेख, काझिमिएश! पुढे त्यांची फोड समजली आणि परकेपणा ओसरला. आपल्या सामासिक नावांप्रमाणेच ही जुनी स्लाव्ह नावे दोन शब्द जोडून घडलेली आहेत. ‘स्वावा’ म्हणजे कीर्ती. संस्कृतातील ‘श्रवस्’ या शब्दाशी त्याचे मूळ नाते आहे. स्तानिस्वाव म्हणजे कीर्ती मिळवणारा, बोलेस्वाव म्हणजे अधिक कीर्तिमान, वॉइचेख म्हणजे योद्ध्यांचा आनंद. काझिमिएश या नावाचा अर्थ तर ‘शांततेचा नाश करणारा’ असाही लावला जातो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४३ पासून, कोल्हापूरजवळच्या वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासित राहत होते. तेव्हा अशी नावे आपल्या मातीनेही ऐकली आहेत.

या नावांत युद्ध आहे, कीर्ती आहे. पण ख्रिस्ताची ओळख होण्यापूर्वीच ती घडलेली आहेत. पोलंडचा राज्यकर्ता म्येश्को याने ९६६ साली स्नानसंस्कार स्वीकारला. तरी इतिहास त्याला आजही त्याच्या जुन्याच नावाने ओळखतो. त्याच्या मुलाचे नावही बोलेस्वाव. मग ही नावे ख्रिस्ती झाली तरी कशी?

ती झाली माणसांमुळे. वॉइचेख हा मूळचा बोहेमियाचा, प्रागचा बिशप. बाल्टिक किनाऱ्यावरील प्रशियन लोकांना सुवार्ता सांगण्यासाठी तो निघाला, तो शस्त्राविना. ९९७ साली तेथेच त्याला ठार मारण्यात आले. ‘योद्ध्यांचा आनंद’ हे नाव त्या दिवसापासून एका निःशस्त्र हुतात्म्याचे झाले. पुढे १०७९ साली क्राकुवचे बिशप स्तानिस्वाव यांना बोलेस्वाव दुसरा या राजाने मारविले. दोघांच्याही नावात ‘कीर्ती’ होतीच. राजाला देश सोडून जावे लागले. बिशप मात्र पोलंडचे आश्रयदाते संत झाले. राजपुत्र काझिमिएशला वयाच्या तेराव्या वर्षी, १४७१ साली, सैन्यासह हंगेरीचे सिंहासन जिंकण्यासाठी पाठविले गेले. तो रिकाम्या हाती परतला, आणि प्रार्थना व गोरगरिबांची सेवा हेच त्याचे वैभव ठरले. शब्दकोशातला अर्थ एकीकडे राहिला. नाव जगणाऱ्याने त्याला दुसरा अर्थ दिला.

आपल्या काळाच्या जवळचेही एक उदाहरण आहे. ‘फ्रान्चिशेक’ म्हणजे आपला फ्रान्सिस. मुळात या शब्दाचा अर्थ केवळ ‘फ्रेंच माणूस’. असिसीच्या संताने त्याला पावित्र्य दिले. १९४१ साली आउश्वित्झच्या छळछावणीत फ्रान्चिशेक गायोव्निचेक नावाच्या कैद्याला इतर नऊ जणांसह उपासमारीने मरण्याची शिक्षा झाली. बायकामुलांच्या आठवणीने त्याने हंबरडा फोडला. तेव्हा एक फ्रान्सिस्कन धर्मगुरू पुढे आला आणि त्याच्या जागी मरण्यास सिद्ध झाला. आईवडिलांनी त्याचे नाव रायमुंड ठेवले होते. संन्यस्त जीवनात तो मॅक्सिमिलियन मारिया कोल्बे झाला. छावणीने त्याची दोन्ही नावे पुसून हाती क्रमांक दिला होता : १६६७०. माणसाचे माणूसपण हिरावून घ्यायचे तर प्रथम त्याचे नाव काढून घ्यावे लागते, हे त्या अत्याचाऱ्यांना ठाऊक होते. परंतु १९८२ साली पोप जॉन पॉल दुसरे यांनी कोल्बे यांना संतपद बहाल केले तेव्हा जगाने उच्चारले ते त्यांचे नाव, क्रमांक नव्हे. त्या सोहळ्याला गायोव्निचेक स्वतः हजर होते. १९९५ सालापर्यंत ते जगले.

म्हणून आजी-आजोबांना मी सांगतो : ख्रिस्तसभेचा आजचा नियम एवढेच म्हणतो, की ख्रिस्ती भावनेशी विसंगत नाव देऊ नये. संताचे नाव ठेवणे ही सुंदर परंपरा आहे, ती जरूर जपावी. मात्र त्या संताची कथा बाळाला सांगितली नाही तर नोंदवहीत नुसती अक्षरे उरतात. आणि नाव आपल्या मायबोलीतले असेल, त्या नावाचा संत अजून झाला नसेल, तरी खंत नको. वॉइचेखच्या आधी वॉइचेख नावाचा तरी कोणता संत होता? नाव आपण एका दिवसात देतो. त्याला ख्रिस्ती करण्याचे काम मात्र त्या मुलाचे आणि त्याला घडविणाऱ्या घराचे. ते आयुष्यभर चालते.