बैंगनवाडीतील बंद खिडकी

गेल्या थंडीत गोवंडी स्टेशनवरून रिक्षाने धाकट्या बहिणीकडे बैंगनवाडीला गेलो. गल्लीच्या टोकाला देवनारचा कचऱ्याचा डोंगर, 1927 पासूनचा. जानेवारी 2016 मध्ये तो पेटला तेव्हा पालिकेला शाळा बंद ठेवाव्या लागल्या होत्या.

भाची खोकत होती. धूर नको म्हणून बहीण खिडकी लावते आणि आत मच्छर अगरबत्ती पेटवते! एका कॉइलचे सूक्ष्म कण शंभरेक सिगारेटींएवढे भरतात. मी ती विझवली, मच्छरदाणी बांधली. केर काढण्याऐवजी ओल्या फडक्याने लादी पूस, खिडकी दुपारी उघड, थंडीत पहाटे धूर खालीच साचतो, असे सांगितले.

"दादा, आणि डोंगराचं काय?"

वॉर्ड ऑफिसचा अर्ज तिथेच बसून लिहिला. सह्या गल्लीतल्या बायांनी जमवल्या.