टर्बो, सुपरचार्जर आणि गुऱ्हाळाचं चुलाण

भांडगावच्या मामांकडे एक जुनी डिझेल गाडी आहे. कंपनीचं नाव नको, पण छोटं इंजिन आणि मागे टर्बो, एवढं पुरे. तिची एक सवय आहे. ओव्हरटेक करायला अ‍ॅक्सिलरेटर दाबला की ती आधी जरा विचार करते आणि मग एकदम उधळते. मामा याला "हिला आधी निरोप धाडावा लागतो" असं म्हणतात.

उसाच्या सीझनमध्ये चौफुल्याहून न्हावऱ्याकडे जाताना हा निरोप महागात पडू शकतो. पुढे ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, ट्रॉल्यांच्या बाहेर लोंबणारा ऊस. समोरून एसटी. समजा ती ताशी ६० ने येतेय आणि आपणही ६० ने चाललोय. म्हणजे दोघांमधलं अंतर एका सेकंदाला ३३ मीटरने कमी होतंय. गाडीने दीड सेकंद विचार केला तर ५० मीटर गेले, आणि आपण अजून ट्रॉलीच्या शेपटाशीच.

गेल्या दिवाळीत मामेभावाने जाहीर केलं की पुढची गाडी सुपरचार्जरवाली घ्यायची, म्हणजे ही कटकटच नको. मामांनी माझ्याकडे बघितलं. घरात इंजिनिअर असला की तो कॉम्प्युटरचा असो नाहीतर पुलांचा, त्याला मिक्सरपासून मोटारीपर्यंत सगळं यायलाच हवं असतं. मग काय, बसलो समजावत.

मुळात दोघांचं काम एकच: इंजिनात जास्त हवा कोंबणं. एक किलो डिझेल नीट जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. साधं इंजिन स्वतः श्वास घेऊन जेवढी हवा ओढेल तेवढीच तिला मिळते. हवा दाबून आत ढकलली की तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येतं, म्हणजे जास्त ताकद. प्रश्न एवढाच, की हवा ढकलणारा पंखा फिरवायचा कोणी?

इथे मामांच्याच भागातलं उदाहरण कामाला आलं. दौंड तालुक्यात गुऱ्हाळं पुष्कळ. चरकातून रस काढला की उरतात चिपाडं. ती वाळवायची आणि काहिलीखालच्या चुलाणात घालायची. म्हणजे जे फेकून द्यायचं, त्यावरच गूळ शिजतो. टर्बो हेच करतो. इंधनातल्या ऊर्जेचा जवळपास तिसरा हिस्सा तापलेल्या धुरासोबत सायलेन्सरमधून निघून जातो. टर्बो त्या धुराच्या वाटेत एक चक्र बसवतो. त्याच दांड्यावर दुसऱ्या टोकाला हवा दाबणारं चक्र. धूर जाता जाता पहिलं फिरवतो आणि दुसरं हवा आत लोटतं. लहान गाड्यांमध्ये ही जोडी मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेते. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनिअरने १९०५ मध्ये याचं पेटंट घेतलं.

पण चिपाडं ओली असतील तर? पहिल्या दिवशी चुलाण दुसऱ्याच कशावर तरी पेटवावं लागतं. टर्बोचंही तसंच. इंजिन कमी फेऱ्यांवर असलं की धूर थोडा, मग चक्र हळू, मग हवा कमी, मग इंधन जपून, म्हणून परत धूर थोडा. हे रहाट सुटायला जो वेळ लागतो त्याला टर्बो लॅग म्हणतात. शेजारच्या शिरूर तालुक्यात, रांजणगावला फियाटच्या कारखान्यात १.३ लिटरचं मल्टिजेट डिझेल इंजिन २०२० पर्यंत बनत होतं. त्याच्या ७५ हॉर्सपॉवरच्या अवताराचा पूर्ण १९० न्यूटन-मीटर टॉर्क २००० फेऱ्यांना मिळायचा. ते चालवलेल्या कुणालाही विचारा, २००० च्या खालची आणि वरची गाडी वेगळी. एवढ्याशा इंजिनाकडून मोठ्या गाड्या ओढून घ्यायच्या तर काहीतरी द्यावं लागणारच. पुढे धुराच्या वाटेतल्या पात्यांचा कोन बदलणारे टर्बो आले, त्यांनी हा वेळ बराच कमी केला. संपवला नाही.

आणि सुपरचार्जर? समजा गुऱ्हाळात चरकाच्याच मोटरवर दुसरा पट्टा चढवला आणि त्यावर चुलाणात हवा मारणारा पंखा फिरवला. जाळ लगेच भडकेल, वाट बघणं नाही. पण तेवढी ताकद चरकाच्या वाट्यातून गेली. सुपरचार्जर असा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरतो. पाय दाबला की हवा हजर, अगदी खालच्या फेऱ्यांपासून. बदल्यात तो इंजिनाकडून ताकद घेत राहतो आणि पेट्रोलचं बिल वाढतं. गंमत म्हणजे यातल्या रूट्स जातीच्या यंत्राचं पेटंट १८६० चं, अमेरिकेतल्या रूट्स बंधूंचं. तेव्हा मोटारी कुठे होत्या! पुढे ते भट्ट्यांमध्ये हवा मारायलाच वापरलं जायचं, म्हणजे गुऱ्हाळाचं उदाहरण मी फार ताणलेलं नाही.

भावाने लगेच विचारलं, मग सगळे सुपरचार्जरच का लावत नाहीत? लावत होते. २००० च्या दशकात मर्सिडीजच्या बुडावर 'कोम्प्रेसर' लिहिलेलं असायचं, ते हेच. पण मायलेज आणि धुराचे नियम कडक होत गेले, तसा फुकटच्या धुरावर चालणारा टर्बो जिंकला. डिझेलला तर तो जास्तच मानवतो. आपल्या बजेटमध्ये शोरूमला सुपरचार्जरवाली गाडी मिळणार नाही, हे ऐकून मामांचा चेहरा उजळला. बाहेरून बसवून घेऊ म्हणशील, तर कंपनीच्या मूळ नोंदीत नसलेले बदल करता येणार नाहीत, असं सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्येच सांगून ठेवलंय.

मग दीड सेकंदाचं काय? गिअर. ट्रॉलीच्या मागे असतानाच एक गिअर खाली टाकायचा, फेरे २००० च्या वर आणायचे आणि मगच बाहेर डोकवायचं. निरोप आधीच पोचलेला असतो. आणि त्या वेळी समोर एसटी असेल, तर निरोप पोचूनही मागेच थांबायचं.

दोन्ही एकत्र असतात का, हा भावाचा शेवटचा प्रश्न. असतात की, आणि तुझ्या घरामागच्या पुणे-दौंड लाईनवरून वर्षानुवर्षं गेलीत. जुनी अल्को डिझेल इंजिनं, डब्ल्यूडीएम-२, २६०० हॉर्सपॉवर. स्टेशन सोडताना जो काळाकुट्ट लोट सोडायची, तो टर्बो लॅगच: इंधन आलं, हवा मागे राहिली. नंतर आली अमेरिकन ईएमडी जातीची ४००० हॉर्सपॉवरची इंजिनं. ती टू-स्ट्रोक, बाहेरून हवा ढकलल्याशिवाय सुरूच होऊ शकत नाहीत. म्हणून त्यांच्या टर्बोला गिअरची जोड आहे. सुरुवातीला इंजिन स्वतःच त्याला फिरवतं, म्हणजे चक्क सुपरचार्जर. धुराला पुरेसा जोर आला की मधला क्लच सुटतो आणि तो टर्बो होतो. सायकलच्या फ्रीव्हीलसारखं: उतारावर पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरतंच.

आता त्या लाईनवर विजेच्या तारा आहेत, तरी एखादी मालगाडी डिझेलवर येते. भाऊ म्हणाला, पुढच्या वेळी मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करून पाठवतो, तू सांग क्लच कधी सुटला ते.