अर्ज जाऊन राहिला

पडद्यावरचं बटन दाबल्यापासून सर्व्हरचं उत्तर येईपर्यंत माणसाला काय दिसावं, हे ठरवणं माझं रोजचं काम आहे. पुण्यात ते करताना मी पुस्तकं वाचली, जाणत्यांची भाषणं ऐकली. तरी या कामातलं जे मला मनापासून कळतं, ते मला धनजला सरकारी दाखल्यांचं सेतू केंद्र चालवणाऱ्या एका भाऊंनी दिलं. त्यांना आवडणार नाही म्हणून नाव लिहीत नाही. ऋण मात्र लिहून ठेवायला हवं.

धनज कारंजा तालुक्यातलं. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वाशिम जिल्हा वेगळा निघाला, पण कास्तकाराची कागदांसाठीची धावपळ काही सुटली नाही. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, सातबारा, आठ-अ. पुढे यातलं बरंच ऑनलाइन झालं आणि भाऊंच्या दुकानात दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि बाहेर एक बाकडं आलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुसरा कॉम्प्युटर रिकामा असला की ते मला बसू द्यायचे. मराठी टायपिंग मी तिथेच शिकलो. पैसे त्यांनी कधी घेतले नाहीत.

खरी तगमग व्हायची ती अर्ज भरून झाल्यावर. काही पानं अशी असत की बटन दाबलं तरी काहीच हलत नसे. विनंती गेली, अडली की हरवली, कळायला मार्ग नाही. वावरातलं काम टाकून आलेले आबाजी खुर्चीच्या कडेवर येत. "काहून, झालं का नाई?"

भाऊ न कंटाळता सांगत, "अर्ज जाऊन राहिला, आबाजी. पावती आली का सांगतो." थोड्या वेळानं, "फोटो गेला. पासबुक बाकी हाय." लाइन तुटली तर तेही त्याच आवाजात: "नेट गेलं. अर्ज पोचला का नाई ते पाहतो, मंगच दुसऱ्यांदा भरू." वेळ लागणार असं दिसलं तर म्हणत, "तुम्ही बाजाराचं काम करून या, मी इथंच हावो." लोक निवांत उठून जात. तिथे कुणी चिडल्याचं मला आठवत नाही, आणि वाट तर सगळेच पाहत होते.

पान असं मुकं का होतं, हे मला नंतर समजलं. जुन्या वेबमध्ये बटन दाबलं की अख्खं पान नव्यानं यायचं, आणि ते येत आहे हे ब्राउझरच दाखवायचा. १९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टनं इंटरनेट एक्सप्लोरर ५ मध्ये अशी सोय दिली की पान जागेवर ठेवून मागच्या मागे सर्व्हरशी बोलता येईल. २००४ मध्ये जीमेल आलं, २००५ मध्ये जेसी जेम्स गॅरेट यांनी या पद्धतीला 'अजॅक्स' हे नाव दिलं आणि सगळ्यांनी ती उचलली. पानं चपळ झाली. पण अशा विनंतीसाठी ब्राउझर वाट पाहायला सांगणारं आपलं चक्र फिरवत नाही. ती जबाबदारी प्रोग्रॅमरवर आली, आणि कित्येकांना ती आली आहे हेच उमगलं नाही.

या विषयाचं शास्त्र त्याहून जुनं आहे. रॉबर्ट मिलर यांनी १९६८ मध्येच माणूस संगणकाच्या उत्तरासाठी किती थांबू शकतो याचा विचार मांडला. १९८५ मध्ये ब्रॅड मायर्स यांनी काम किती टक्के झालं हे दाखवणाऱ्या पट्टीचा अभ्यास केला. पट्टी दिसली की लोकांना बरं वाटतं, असं त्यांना आढळलं. जेकब नील्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा लोकांपुढे ठेवल्या: ०.१ सेकंदात उत्तर आलं तर ते तत्क्षणी आल्यासारखं वाटतं, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही, १० सेकंदांपुढे माणसाचं लक्ष दुसरीकडे जातं. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला भाऊच आठवले. लक्ष उडायच्या आधी ते माणसाला स्वतःच मोकळं करत होते.

आज मी जे करतो त्यातलं बहुतेक त्यांचंच आहे. विनंती निघताच बटन बंद करायचं, म्हणजे घाबरून कुणी ते दोनदा दाबणार नाही आणि एकाच माणसाचे दोन अर्ज जाणार नाहीत. एका पानावरून तीन विनंत्या गेल्या असतील तर बाकी किती याचा हिशेब ठेवायचा. पहिली परतली म्हणून चक्र थांबवायचं नाही. उत्तर पाव सेकंदात येणार असेल तर चक्र दाखवूच नये, नुसतं लुकलुकून जातं. टक्क्यांची पट्टी फक्त एकूण किती पाठवायचं हे ठाऊक असेल तेव्हाच. अंदाजानं पुढे सरकवलेली पट्टी म्हणजे फसवणूक. आणि नुसतं चक्र फिरवण्यापेक्षा काय चाललं आहे ते शब्दांत लिहावं. भाऊ ते बोलूनच सांगत, कारण समोरच्या कितीतरी जणांना पडदा वाचता येत नव्हता. दृष्टिहीन माणसाच्या स्क्रीन रीडरला हीच बातमी ऐकू जावी म्हणून 'एरिया-लाइव्ह'ची सोय आहे. ती वापरायला दोन ओळी लागतात, तरी ती राहून गेलेली मी सतत पाहतो.

सगळ्यांत मोठी शिकवण अपयशाची. विनंती फसली तरी चक्र फिरतच राहतं, असे प्रोग्रॅम आजही सर्रास लिहिले जातात, कारण ते थांबवण्याची ओळ फक्त यशाच्या वाटेवर लिहिलेली असते. जावास्क्रिप्टमध्ये त्यासाठी 'फायनली' आहे: काम साधो वा फसो, ती ओळ चालतेच. उत्तर ठरावीक वेळेत आलं नाही तर थांबायचं आणि तसं सांगायचं. निष्फळ फिरणारं चक्र मला मुक्या पानाहून वाईट वाटतं. मुकं पान निदान खोटी आशा लावत नाही. "नेट गेलं" हे भाऊंनी कधी लपवलं नाही, आणि अर्ज पोचला की नाही हे पाहिल्याशिवाय दुसऱ्यांदा भरलाही नाही.

हे सगळं मी एकदा गावी गेलो तेव्हा त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "माणूस समोर बसेल असल्यावर त्याले सांगा नाई लागत का?" आणि पुढच्या अर्जाकडे वळले.

वेबचं काम करणाऱ्या माझ्या तरुण मित्रांना एक विनंती. ब्राउझरच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेटवर्क मुद्दाम मंद करायची आणि पूर्ण बंद करायचीही सोय असते. आपलं पान लोकांच्या हाती देण्याआधी त्या दोन्ही वापरून एक अर्ज स्वतः भरून पाहा, आणि आपलं पान त्या वेळी काय सांगतं ते वाचा.